बदली की पॅकेज: सही करण्याआधी

पगार विभागात मी सतरा वर्षं काम केलं. नोकरी सोडणाऱ्यांचे शेवटचे हिशेब, म्हणजे फुल अँड फायनल, याच हातांनी केले. ‘नव्या ऑफिसला या, नाहीतर पॅकेज घ्या’, म्हणजे भरपाईची रक्कम घेऊन नोकरी सोडा, असं कंपनीकडून ऐकण्याची वेळ माझ्यावर स्वतःवर दोनदा आली. एकदा मी गेले, एकदा नाही. ज्यांच्या हातात आत्ता असं पत्र आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पत्र मिळालं की पहिल्या दिवशी तोंडी काहीही बोलू नका. ‘बघते, बहुतेक नाही जमणार’ एवढंसुद्धा नको. कारण असं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्मचारी गेला की ‘सेवा संपण्याचं कारण’ नावाचा एक रकाना भरावा लागायचा. त्यात कोड असायचे: राजीनामा, निवृत्ती, पद रद्द, वगैरे. मी ‘राजीनामा’ निवडलं की पॅकेजची ओळच हिशेबातून गायब व्हायची. ‘पद रद्द’ निवडलं की ती यायची. पुढचं सगळं त्या एका कोडवर चालतं, अनुभवपत्रातले शब्द आणि, जिथे सरकारी बेकारभत्ता मिळतो तिथे, त्याचा हक्कसुद्धा. बदलीला नकार म्हणजे राजीनामा नव्हे. तरी एचआरमधलं कोणी ना कोणी अगदी गोड आवाजात म्हणतं, ‘येणार नसाल तर तसा मेल टाका ना.’ तो मेल राजीनाम्यासारखा वाचला जाणार नाही याची काळजी घ्या. मी लिहिलं होतं: ‘बदलीचा प्रस्ताव मला स्वीकारता येत नाही. माझं सध्याच्या ठिकाणचं पद रद्द होत असल्यामुळे ठरलेली भरपाई मिळावी.’ दोनच वाक्यं.

मग मुदत विचारा, लेखी. कायदा देशागणिक वेगळा असतो, पण विचार करायला वेळ मागणं कुठेच गैर नाही. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याने वयाच्या भेदभावाबद्दलचे हक्क सोडून पॅकेजवर सही करायची असेल, तर त्याला विचाराला २१ दिवस द्यावे लागतात, सामूहिक कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. ब्रिटनमध्ये पद रद्द होताना त्याच कंपनीत वेगळ्या अटींवर दुसरं काम मिळालं, तर ते ४ आठवडे करून बघता येतं आणि योग्य कारणाने नाही पटलं तर भरपाईचा हक्क शाबूत राहतो. भारतात कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला छाटणीत सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हा किमान आकडा आहे. तुमच्या देशातला किमान आकडा कुठला ते शोधा. कंपनी ‘उदार पॅकेज’ म्हणते तेव्हा त्यातलं किती कायद्याने द्यावंच लागणार होतं आणि किती खरोखर वरचं आहे, ते मगच कळतं.

आता पैसे. रकमेकडे बघत बसू नका, तिचे महिने करा. समजा, पॅकेज आठ महिन्यांच्या पगाराएवढं आहे. आधी विचारा, कुठल्या पगाराच्या? मूळ पगाराच्या की सगळ्या भत्त्यांसकट? इथेच आकडा निम्म्यावर येऊ शकतो. धरू की कर जाऊन सात महिन्यांचा हातात पडणारा पगार उरला, आणि घराला पगाराच्या सत्तर टक्के लागतात. म्हणजे घर दहा महिने चालेल. आता या दहा महिन्यांसमोर तुमच्या कामाची दुसरी नोकरी मिळायला किती वेळ लागेल ते ठेवा. अंदाज बांधू नका, मुदत चालू असतानाच पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकून बघा. दुसऱ्या खेपेला मी पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी अर्ज टाकले आणि दोन आठवड्यांत दोन बोलावणी आली. नोकरी तेव्हा मिळाली नाही, पण आपल्याला बाजारात विचारतात हे कळलं आणि माझी झोप परत आली.

बदलीचा हिशेबही महिन्यांतच करा. सामानाचा ट्रक हा सगळ्यात लहान खर्च असतो. मोठे खर्च कंपनीच्या पत्रात नसतात: दोन घरांचं भाडं एकाच वेळी, आणि जोडीदाराची सुटलेली नोकरी. माझ्या नवऱ्याला नव्या ठिकाणी काम मिळायला सात महिने लागले. कंपनीने दिलेला हलवण्याचा भत्ता त्यातल्या दोन महिन्यांनाही पुरला नाही, कारण तो पगारात मिसळून आला आणि त्यावर कर कापला गेला. म्हणून विचारा: एकरकमी भत्ता देणार, की पावत्या दाखवून परतफेड? आणि कर कोण भरणार?

हे झालं वरवरचं. जिथे मी पोळले ते पुढे आहे.

एकोणतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा बदली घेतली. जुन्या जागी सात वर्षं झाली होती. नवं पत्र आलं, पद तेच, पगार थोडा वाढीव, मी आनंदाने सही केली. चौदा महिन्यांनी तिथला आख्खा विभाग बंद झाला. हिशेब हातात आला तेव्हा सेवेच्या रकान्यात होतं: १ वर्ष २ महिने. नवं पत्र त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने होतं. कागदोपत्री मी तिथे नवी होते, मागची सात वर्षं मोजलीच गेली नाहीत. दुसरी ओळ त्याहून बोचरी होती. हलवण्याच्या खर्चाबद्दल दोन वर्षांचा करार होता: ‘कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास’ उरलेल्या महिन्यांची रक्कम परत. चोवीसपैकी दहा महिने उरले होते. काढलं त्यांनी, आणि कापले माझ्याकडून.

म्हणून बदलीच्या पत्रावर सही करण्याआधी तीन वाक्यं लिहून घ्या. सेवा मूळ रुजू तारखेपासून सलग धरली जाईल. परतफेड फक्त मी स्वतःहून राजीनामा दिला किंवा गैरवर्तनामुळे काढलं तरच. आणि बदलीनंतर ठरावीक काळात, निदान दोन वर्षांत, पद रद्द झालं तर आज देऊ केलेल्यापेक्षा कमी पॅकेज मिळणार नाही. तिसऱ्या वाक्याला कंपनी हो म्हणेल असं नाही. पण तिचा चेहरा बघा. ज्यांना तुम्ही तिथे खरंच हवे आहात ते काहीतरी देतात. ज्यांना फक्त पॅकेजचा खर्च पुढे ढकलायचा आहे ते ‘आमचं धोरण नाही’ एवढंच म्हणतात. माझ्याबरोबरच्या एका सहकारी मैत्रिणीने ही तिन्ही मागितली, पहिली दोन मिळवली आणि गेली. ती आजही तिथे आहे, आणि छान चाललंय तिचं.

तिथलं काम टिकेल का, याचा अंदाज बाहेरूनही घेता येतो. जाऊन या, सुटीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी. सकाळी ऑफिसच्या वेळेला राहायच्या भागातून निघा आणि किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. आत गेल्यावर विचारा की जागेचा भाडेकरार किती वर्षांचा आहे, आणि माझा पगार कुठल्या विभागाच्या खर्चात पडणार. ज्या साहेबाला तुम्हाला रिपोर्ट करायचं आहे तो स्वतः तिथे बसतो का? पहिल्या वेळी माझा साहेब तिसऱ्याच शहरात होता. तेव्हाच कळायला हवं होतं.

घरच्यांना विचारताना ‘जायचं का?’ असं विचारू नका. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मन राखायला हो म्हणतात. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा: इथून गेल्यावर तुझं काय काय सुटेल? आमच्या मुलीने पहिलं नाव आजीचं घेतलं. आईचे उपचार चालू होते आणि डॉक्टर तिला आठ वर्षं ओळखत होते. दुसऱ्या खेपेला माझा नकार अर्धा तिथेच ठरला.

होम्स आणि राहे या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या बदलांच्या ताणाला गुण दिले होते. नोकरीवरून काढलं जाणं ४७. राहतं घर बदलणं २०, शाळा बदलणं २०, जोडीदाराचं काम सुरू वा बंद होणं २६. या तिन्हींची बेरीज ६६ होते. गुण मोजून कोणी निर्णय घेऊ नये, पण नोकरी वाचली म्हणजे धक्का टळला असं नसतं, हे मला त्या आकड्यांनी पटवलं.

दुसऱ्या वेळी मी पॅकेज घेतलं. शेवटच्या दिवशी हिशेब माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीकडे होता. ती म्हणाली, ‘ताई, एकदा बघून घ्या,’ आणि तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी रुजू तारीख वाचली, रजेचे दिवस मोजले, मग कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पद रद्द. त्या पानाची प्रत घेतली आणि निघाले.