ऑटिझम असलेला सहकारी: कामावर या चुका टाळा

“जरा बघून घे”, “नेहमीसारखं करून टाक”. आपल्याकडं कामं अशीच सांगतात. हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत पेढीवर तर निम्मं बोलणं खुणेनंच चालतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या माणसाचं इथंच अडतं. “या हिशेबपट्ट्या बघून घे” म्हटल्यावर तो पट्ट्या बघतो आणि जागेवर ठेवतो. मग शेठ चिडतात, “डोकं चालवायला नको?” खरं तर सांगणंच अपुरं होतं. “प्रत्येक पट्टीवरचं वजन काट्याच्या चिठ्ठीशी जुळव, फरक दिसेल तिथं लाल खूण कर, चार वाजता माझ्याकडं दे.” असं सांगा, जमल्यास लिहून द्या. शिफ्ट किंवा काम बदलायचं असेल तर आदल्या दिवशीच सांगा.

दुसरी मोठी चूक आवाज आणि उजेडाची. कुपवाड एमआयडीसीतल्या प्रेसचा दणका, फडफडणारी ट्यूबलाइट, ऑइलचा वास यांना आपण सरावतो. ऑटिझम असलेल्या अनेकांना सरावता येत नाही. त्यानं कानावर हेडफोन लावले म्हणून कामचुकार ठरवू नका. भिंतीकडची शांत जागा द्या. ताण असह्य होऊन कुणी ओरडलं किंवा एकदम गप्प झालं तर ते नाटक नसतं. गराडा घालू नका, जाब विचारू नका. बाहेर मोकळ्यावर जाऊ द्या, बोलणं नंतर.

मुलाखतीत नजरेला नजर देत नाही म्हणून बाद करणं हा तर सरळ अन्याय आहे. काम करून दाखवायला सांगा.

आणि “सगळे सांभाळून घेतील” म्हणून त्याचं निदान त्याला न विचारता खात्यात सांगत सुटू नका. तो समोर उभा असताना त्याच्याबद्दल त्याच्या वडिलांशी बोलणंही तितकंच वाईट. काय जड जातं, हे त्यालाच विचारा. प्रत्येकाचं वेगळं असतं.

ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का ज्या गटाला आहे, त्यात ऑटिझमही येतो. समान संधीचं धोरण खासगी आस्थापनांनीही जाहीर करायचं असतं. तुमच्या कारखान्यात ते लावलंय का, हे उद्याच ऑफिसात विचारा.