7 आणि 8 नंबरचे बाइट

1993 साली भोसरीतल्या एका कारखान्यात ईडीपीला, म्हणजे कंप्युटर विभागात, ट्रेनी म्हणून लागलो. चपला बाहेर काढून एसी रूममध्ये जायचं. आत सिस्टीम फाइव्ह जातीच्या युनिक्सवर चालणारा मिनी कंप्युटर, मोटोरोला 68030 प्रोसेसरवाला. त्याचा सीसी, म्हणजे सी भाषेचा कंपायलर, जुन्या वळणाचा, फंक्शनच्या कंसात आर्ग्युमेंटचा टाइप लिहिला की सिंटॅक्स एरर. ओळखीतून जीसीसी या फुकट सी कंपायलरच्या सोर्सची कार्ट्रिज टेप मिळाली, तेव्हा साहेब म्हणाले, "फुकट ते पौष्टिक! कर काय ते, पण पगाराचं रन अडकलं तर बघ."

आता पोरं लॅपटॉपवर सिम्ह (जुन्या मशिनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून व्हॅक्ससारखा जुना कंप्युटर उभा करतात आणि मी जिथे अडलो होतो तिथेच अडतात, म्हणून जुन्या युनिक्सवर जीसीसी कसा बांधायचा ते लिहितोय.

नवा जीसीसी घेऊ नका. 2013 च्या 4.8 आवृत्तीपासून तो बांधायलाच सी++ कंपायलर लागतो. 2.95 पर्यंतचा जुन्या सीसीला पचतो, कारण तो मुद्दाम तसा लिहिलाय. पीडीपी-11 या त्याहून जुन्या मशिनवर मात्र नादच सोडा. 64 केबीच्या ॲड्रेस स्पेसमध्ये जीसीसी मावत नाही, दुसऱ्या मशिनवर त्याच्यासाठी कंपाइल (क्रॉस कंपाइल) करा.

टार, म्हणजे सोर्सच्या फायलींचं गाठोडं, सोडताना सावध. सिस्टीम फाइव्हच्या जुन्या फाइल सिस्टीमला नावाची 14 अक्षरंच कळतात. पुढची ती मुकाट कापते, आणि पहिली 14 सारखी असतील तर दुसरी फाइल पहिलीला गिळते. एरर नाही, काही नाही. माझे दोन दिवस यातच गेले. आधी टारची नुसती यादी काढून लांब नावं बघून घ्या.

मग ऑब्जेक्ट फायली जोडणाऱ्या लिंकरची कुरकुर : अलोका फंक्शन नाही, बीकॉपी नाही, इंडेक्स नाही. ही सगळी बर्कलेच्या युनिक्सकडची मंडळी. बीकॉपीच्या जागी मेमकॉपी चालतं (आर्ग्युमेंटचा क्रम उलटा, इथे सगळेच फसतात), इंडेक्सच्या जागी स्ट्रसीएचआर. अलोका सीमध्ये लिहिलेली मिळते, ती जोडा. लायब्ररीची सूची बनवणारा रॅनलिब शोधत बसू नका, सिस्टीम फाइव्हवर ते काम लायब्ररी बांधणारा एआरच करतो.

बांधणी तीन फेऱ्यांची. पहिला जीसीसी सीसीने बांधायचा, दुसरा पहिल्याने, तिसरा दुसऱ्याने. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फायली तंतोतंत जुळल्या की कंपायलर ठीक. मी संध्याकाळी दुसरी फेरी लावली, पहाटे तिसरी. सकाळी दोन फायली बाइट-बाइट ताडणारी सीएमपी कमांड चालवली तर एकूण एक फाइल वेगळी! पुन्हा पहिल्यापासून करायला निघालो होतो. सिनिअर चहाचा ग्लास बाहेर ठेवून आत आले आणि म्हणाले, "वेगळी म्हणजे किती वेगळी? सीएमपीला एल ऑप्शन दे, प्रत्येक वेगळा बाइट दाखवेल."

दिला. पहिल्या फाइलमध्ये फक्त दोन बाइट वेगळे, 7 आणि 8 नंबरचे. दुसरीतही तेच, तिसरीतही. "दोन्ही फेऱ्या किती वाजता लावल्यास?" त्यांनी विचारलं. आमच्या ऑब्जेक्ट फायली कॉफ फॉरमॅटच्या, त्याच्या हेडरमध्ये 5 ते 8 नंबरच्या बाइटांत फाइल बनल्याची वेळ असते, सेकंदांत. काही तासांच्या फरकाने बहुधा शेवटचे दोनच बाइट बदलतात. हेडरचे तेवढे बाइट वगळून तुलना केली आणि सगळ्या फायली जुळल्या.

जीसीसी यूएसआर-लोकल या वेगळ्या डिरेक्टरीत टाकला. जुना सीसी होता तिथेच राहू दिला, कर्नल (युनिक्सचा गाभा) पुन्हा जोडून बनवायला तोच लागायचा. पगाराचं रन त्या महिन्यात एक दिवस उशिरा झालं, पण ते प्रिंटरच्या रिबनमुळे.