‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याआधी: संस्थेची निर्णयवही कशी ठेवावी

गावातली दूध संस्था असो, पतसंस्था असो, नाहीतर कोल्हापूरजवळच्या शिरोलीतला वीस माणसांचा कारखाना, जुनं इतिवृत्त काढून बघा. काय ठरलं ते सापडतं, सूचक-अनुमोदक सापडतात, खाली ‘सर्वानुमते मंजूर’ असतं. पण का ठरलं, कुणाला कसली शंका होती, हे कुठंच नसतं. म्हणून संचालक बदलले की तीच चूक नव्यानं होते. हे टाळायला एक दोनशेपानी वही पुरते.

मला ही सवय नुकसानीनं लागली. उद्यमनगरातल्या आमच्या मशीनशॉपसाठी एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर मी कर्ज काढून दुसरं व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं संगणकीय मशीन) घेतलं. मीटिंगमध्ये विचारलं होतं, “मशीन घेतोय, कुणाचं काही म्हणणं?” सगळे गप्प. चार महिन्यांत त्या गिऱ्हाइकाची ऑर्डर निम्म्यावर आली. मग कळलं, टेम्पोबरोबर माल पोचवायला जाणाऱ्या आमच्या पोराला हे आधीच दिसलं होतं. आपले क्रेट त्यांच्या आवारात भरलेलेच पडून असायचे, रिकामे परत मिळायचे नाहीत. का बोलला नाहीस म्हटल्यावर तो म्हणाला, “तुमचं ठरलंच हुतं न्हवं? मग मी मधी कशाला बोलू?” त्याचं बरोबर होतं. मी आधी उत्तर सांगितलं आणि मग प्रश्न विचारला.

पहिलं काम म्हणजे मीटिंगच्या दोन दिवस आधी प्रश्न वहीत लिहा, आणि त्याच्याखाली निदान तीन पर्याय. ‘मशीन घ्यायचं का?’ हा अर्धाच प्रश्न आहे. दुसरी शिफ्ट लावणं, काम बाहेर जॉबवर्कला देणं, सहा महिने थांबणं हेही त्याच पानावर हवं.

मग मीटिंग. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपलं मत चिठ्ठीवर लिहावं. त्यानंतर सगळ्यांत नव्या माणसानं आधी बोलायचं, मालकानं किंवा अध्यक्षांनी शेवटी. आपल्याकडं थोरल्यांचा मान राखायची रीत आहे, ती चांगलीच आहे. पण अध्यक्ष एकदा बोलले की बाकीच्यांची माहिती खिशातच राहते.

एकमत होतंय असं वाटलं की दहा मिनिटं अजून थांबा. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये एका लेखात ही युक्ती मांडली. सगळ्यांना सांगायचं, “समजा पुढची दिवाळी आली आणि हा निर्णय पार फसलाय. कशामुळं फसला ते लिहा.” ‘काही अडचण आहे का?’ विचारलं की बोलणारा अपशकुनी ठरतो. इथं मात्र अडचण शोधणं हेच काम असतं, त्यामुळं गप्प माणूसही लिहितो. ही पायरी कधीच गाळू नका. मी हे आधी केलं असतं तर भरलेल्या क्रेटची गोष्ट त्याच दिवशी बाहेर आली असती.

यापुढची पायरी कोल्हापूरकराला शिकवायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्यांना हे आकडे पाठ आहेत. पाणी 39 वर आलं की सामान माळ्यावर चढवायचं, जनावरं हलवायची, हे पाणी दारात यायच्या आधीच ठरलेलं असतं. तशाच दोन पातळ्या निर्णयाशेजारी लिहा. सलग दोन महिने ऑर्डर अमुक नगांच्या खाली गेली तर ओव्हरटाइम बंद, चार महिने गेली तर मशीन विकायला काढायचं. पैसे अडकल्यावर मन म्हणतं, ‘इतके घातलेत, अजून थोडे घालू.’ तेव्हा शांत डोक्यानं लिहिलेला आकडाच उपयोगी पडतो.

नोंदीत तारीख, निर्णय, त्यामागचं कारण, आकड्यातली अपेक्षा आणि आलेल्या शंका एवढं आलं की झालं. शंकेपुढं नाव लिहायचं का? पहिलं वर्षभर लिहू नये असं माझं मत आहे. लोकांचा भरवसा बसू दे.

महिन्याभरात फिरवता येईल अशा गोष्टींसाठी वही उघडू नका. ज्याचं काम त्यालाच ठरवू द्या.

दर सहा महिन्यांनी जुनी पानं वाचा. नफा झाला म्हणून निर्णय चांगला होता असं नाही. कधी बाजारच वर असतो. लिहिलेलं कारण खरं ठरलं का, ते तपासा. चूक सापडली तर कुणाचा हिशेब काढत बसू नका, नाहीतर पुढच्या वेळी वहीत सगळं गोडगोडच लिहिलं जाईल. वाईट बातमी आणणाऱ्या पहिल्या माणसाला तुम्ही कसं वागवता, हे बाकीचे सगळे बघत असतात.

आमचा तो पोरगा आता मीटिंगला बसतो आणि पहिला बोलतो. परवा तो म्हणाला, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडंही क्रेट अडकायला लागलेत. नोंद केली, आणि त्याच दुपारी त्यांच्या पर्चेसला फोन लावला.