तिसरी चकती अलीकडेच का पडायची?

आमच्या लाँचरची, म्हणजे फिरत्या चाकाने चकत्या फेकणाऱ्या यंत्राची, पहिली चकती नेमकी टोपलीत जायची, दुसरी कडेवर आपटायची, तिसरी अलीकडेच पडायची. आधी बॅटरीवर संशय घेतला. नवी लावली, तरी तेच. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं: प्रत्येक फेकीला चाकाचा वेग झपकन उतरत होता आणि तो सावरायच्या आत आम्ही पुढची चकती ढकलत होतो. वेग एकदम उतरू नये म्हणून चाकाच्या आसावर जड पोलादी कडं बसवलं, सेन्सरने वेग मोजून मगच चकती सोडणारा कोड लिहिला.

चाक आणि लाँचरची भिंत यांच्यामधली, चकती जिथून जाते ती फट मात्र वॉशर घालत-काढत हातानेच जुळवावी लागली. घट्ट झाली की चकतीच्या कडेला रबराचा काळा ओरखडा उठायचा. सैल झाली की गिरकीच अपुरी, चकती डगमगत जायची. यात दोन संध्याकाळी गेल्या. आता पाचही चकत्या लागोपाठ आत जातात.