नाक चोंदलं की ओव्याची पुरचुंडी

पावसाळ्यात रात्री नाक चोंदलं की आमच्याकडे आधी तवा तापतो. दोन चमचे ओवा कोरडाच, मंद आचेवर भाजायचा. दाणे तडतडायच्या आत, वास घरभर सुटला की लगेच गॅस बंद. करपला तर नुसता धूर आणि ठसका. जुन्या सुती धोतराच्या किंवा मलमलच्या तुकड्यात बांधायचा. नायलॉनचा रुमाल नको, तो तव्यावर चिकटतो. पुरचुंडी तळहातावर चोळून हुंगली की नाकात झणका बसतो. ही ओव्यातल्या थायमॉल या उग्र वासाच्या द्रव्याची करामत. सर्दी त्याने जात नाही, ती तिचे सात-दहा दिवस घेणारच. पण श्वास जरा मोकळा वाटतो आणि झोप लागते. एवढंही पुष्कळ आहे.

छाती-पाठ शेकायची असेल तर पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. तिथे चटका बसला तर थांबा. तान्ह्या बाळाला तर शेक नकोच, त्याची कातडी फार नाजूक असते. काही घरांत पुरचुंडीत कापराची वडीही टाकतात. लहान मुलं असलेल्या घरात ती टाकू नका. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

थंड झाली की पुरचुंडी पुन्हा तव्यावर टेकवायची. तोच ओवा तीन-चारदा चालतो. छातीत घरघर, धाप किंवा उतरत नसलेला ताप असेल तर मात्र तवा राहू द्या, डॉक्टर गाठा.