प्रेशर ट्रान्समीटर ते पीएलसी: स्केलिंगमधल्या या चुका टाळा

पाण्याच्या लाइनवर ० ते १० बारचा, ४-२० मिलीअँपिअर देणारा प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाबाच्या प्रमाणात विद्युतप्रवाह देणारे उपकरण, आहे. पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक, तो प्रवाह आकड्यात बदलतो आणि त्या कच्च्या आकड्यावरून बारमधला दाब काढणे म्हणजे स्केलिंग. शेजारचे गेज ५ बार दाखवते आणि स्क्रीनवर मात्र ६ दिसतात. अशा वेळी पुष्कळ जण आधी ट्रान्समीटर बदलायला निघतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की पान्याला हात लावण्यापूर्वी तो चुकीचा आकडाच नीट वाचावा, कारण चूक कुठे आहे हे बहुधा तोच सांगतो.

सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीमध्ये अ‍ॅनालॉग मॉड्यूलचे (प्रवाह वाचणाऱ्या जोडभागाचे) चॅनेल ४-२० वर ठेवले, तर ४ मिलीअँपिअरला ० आणि २० ला २७६४८ हा कच्चा आकडा मिळतो. चॅनेल चुकून ०-२० वर राहिले, तर ४ मिलीअँपिअरलाच ५५३० येतो आणि दाब शून्य असताना २ बार, निम्म्यावर ६ बार, पण पूर्ण दाबाला अचूक १० बार दिसतात. म्हणूनच केवळ वरच्या टोकाला तपासणी करणाऱ्याला ही चूक सापडत नाही. याची उलट बाजूही आहे. सीपीयूवरचे (पीएलसीच्या मुख्य भागावरचे) अ‍ॅनालॉग इनपुट ०-१० व्होल्टचे असल्याने तिथे ५०० ओहमचा रेझिस्टर लावून २-१० व्होल्ट घेतात आणि स्केलिंग ५५३० पासून करतात, जे तिथे योग्यच असते. पण तोच प्रोग्रॅम ४-२० वर ठेवलेल्या मॉड्यूलसाठी जसाच्या तसा उचलला, की शून्य दाबाला उणे २.५ बार दिसू लागतात. १० च्या जागी ८.४ आणि ५ च्या जागी ४.२ येत असतील, तर कमाल आकडा २७६४८ ऐवजी ३२७६७ धरला गेला आहे.

कच्च्या आकड्याला २७६४८ ने भागताना भागाकार रिअलमध्येच (दशांश आकड्यांत) करावा. पूर्णांकात केल्यास कच्चा आकडा २७६४८ पर्यंत पोहोचेपर्यंत उत्तर ० राहते.

उणे आकडा दिसू नये म्हणून शून्याखालचे वाचन सरसकट ० करून टाकण्याची सवय मला सर्वांत धोक्याची वाटते. तार तुटली तरी प्रोग्रॅमला दाब ० दिसतो आणि दाब राखण्यासाठी चालणारा पंप पूर्ण वेगाने धावू लागतो. नामूर या प्रक्रिया उद्योगांतल्या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी आणि २१ किंवा त्याहून जास्त प्रवाह हा बिघाडाचा संकेत असतो; ४-२० चॅनेलवर हे आकडे साधारण उणे ६९१ आणि २९३७६ होतात. स्केलिंगच्या आधी कच्चा आकडा या मर्यादांशी ताडून पाहावा आणि तो बाहेर असेल तर अलार्म देऊन पंप सुरक्षित स्थितीत न्यावा.

तपासणीसाठी ट्रान्समीटर सोडवून लूप कॅलिब्रेटरने (ठरावीक प्रवाह देणाऱ्या उपकरणाने) ४, १२ आणि २० मिलीअँपिअर द्यावेत. ०, १३८२४ आणि २७६४८ यांच्या जवळचे आकडे आले नाहीत, तर चॅनेलची सेटिंग, पत्ता किंवा वायरिंग पाहावे. हे आकडे बरोबर येऊनही स्क्रीन चुकत असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये किंवा स्क्रीनच्या टॅगमध्ये (स्क्रीनवरचा आकडा प्रोग्रॅममधल्या आकड्याशी जोडणाऱ्या नावात) आहे. स्क्रीनही बरोबर आली आणि ट्रान्समीटर जोडताच पुन्हा चुकली, तर त्याची रेंज ० ते १० बारच ठेवलेली आहे का, हे नेमप्लेटवर विसंबून न राहता त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहावे.