सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घेताना पैसे कशासाठी मोजावेत

सिंगल अ‍ॅक्शनमध्ये हॅमर (घोडा) दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा. चाप तो फक्त सोडतो. सुटे भाग मोजके, त्यामुळे कमी पैशातही टिकाऊ हत्यार मिळू शकतं. चकाकी आणि नक्षीकाम मात्र शेवटी बघायचं.

आधी काडतूस ठरवा, कारण नियमित सराव करणाऱ्याचा खरा खर्च तिथेच होतो. सरावाला .22 एलआर (लाँग रायफल) हे छोटं काडतूस सर्वांत स्वस्त. हेरिटेज रफ रायडर आणि 2019 मध्ये आलेलं रुगर रँग्लर ही या गटातली स्वस्त मॉडेल्स. दोन्हींचा सांगाडा मिश्रधातूचा आहे, पण .22 चा दाब तो सहज पेलतो. मोठं काडतूस हवं असेल तर आमचं मत .357 मॅग्नमला: त्यात .38 स्पेशलही चालतं, म्हणजे सराव स्वस्तात होतो. .45 कोल्टचा मोह होतो, पण ते पोसायला महाग.

1873 च्या कोल्टच्या धर्तीवरच्या पारंपरिक रचनेत हॅमर खाली असताना फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) थेट काडतुसावर टेकते. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर बार उडू शकतो. म्हणून अशात सिलिंडरच्या (काडतुसं धरणाऱ्या फिरत्या दंडगोलाच्या) सहा घरांपैकी पाचच भरायची: एक भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण मागे ओढा आणि चाप दाबून अंगठ्याने सावकाश खाली आणा. तो रिकाम्या घरावर येतो. रुगरने 1973 पासून ट्रान्सफर बार (चाप दाबलेला असतानाच हॅमरचा आघात फायरिंग पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) बसवला, त्यामुळे त्या रचनेत सहाही भरता येतात. नवख्याने हीच घ्यावी.

जुनं घेत असाल तर लोडिंग गेट (काडतुसं भरायची झडप) उघडून सगळी घरं रिकामी आहेत का ते डोळ्यांनी पाहा. मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर अडकेपर्यंत सिलिंडर जागेवर घट्ट बसायला हवा. मागे राहिला तर त्याला फिरवणारा पंजा झिजलाय. हे प्रत्येक घरासाठी करा. बहुतेक वेळा एखाद्याच घरात दोष असतो. हॅमर मागे असताना, चापाला हात न लावता, त्याला अंगठ्याने पुढे ढकला. निसटला तर व्यवहार तिथेच थांबवा.

नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा. 0.004 ते 0.006 इंच उत्तम, 0.010 च्या पुढे वायू वाया जातो आणि शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर एकदा पुढे, एकदा मागे दाबून मोजलं की त्याची मागेपुढे होणारी हालचालही कळते.

सिलिंडरभोवतीचा ओरखड्याचा गोल पाहून अनेक जण माघार घेतात. तो बहुधा वरवरचा असतो. सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या खाचांच्या कडा ठोकल्यासारख्या फुगल्या असतील, तर मात्र नको. स्क्रूची डोकी कुरतडलेली दिसली तर कुणीतरी आत हात घातलेला आहे. स्प्रिंग कापलेली असण्याची शक्यता धरा.

स्थिर साइटचं (नेम धरायची खूण हलवता न येणारं) मॉडेल शक्य असेल तर गोळी झाडून बघूनच घ्या. गोळी खाली लागत असेल तर पुढची साइट कानशीने थोडी घासून नेम जुळवता येतो. वर लागत असेल तर उंच साइट बसवावी लागते, आणि तो खर्च किमतीत धरावा लागतो.